वहीच्या पानावरची राखाडी रेघ

माझ्या भूविज्ञानाच्या एमएस्सीच्या फील्डवहीत एक जवळजवळ कोरं पान आहे. त्यावर बोटभर लांबीची एक राखाडी रेघ आणि खाली ‘मलाजखंड, १२ डिसेंबर २००९’, एवढंच. रेघ पेन्सिलीची नाही, दगडाची आहे. इतक्या वर्षांनीही ती पुसलेली नाही. बोट फिरवलं तर बोटाला अजून चमकदार काळपट लागतं.

गेल्या आठवड्यात आईने कपाट आवरताना ती वही काढली आणि व्हिडिओ कॉलवर पान दाखवून विचारलं, “हे काय गं, रद्दीत टाकू का?” मी एवढ्या मोठ्याने “नको” म्हटलं की ती दचकली. मग तिला सगळं सांगत बसले. तासभर तिने ऐकलं आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, “पण दगडाचं वय कळून तुला जागेचं काय कळतं?” मी करते ते काम नेमकं हेच आहे, आणि इतका थेट प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. म्हणून आज हे लिहायला घेतलं.

आम्ही गोंदियाचे. गोंदियाहून बालाघाट, तिथून घाट चढून बैहर आणि पुढे मलाजखंड. रस्ता सालाच्या जंगलातला, कान्हा राष्ट्रीय उद्यान तिथून जवळच. आमच्या वर्गातले सातजण आणि सर एका भाड्याच्या जीपमधून गेलो होतो. हिंदुस्तान कॉपरची ती उघडी खाण १९८२ मध्ये सुरू झाली. काठावर उभं राहून पाहिलं तेव्हा पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरत गेलेला तो प्रचंड खड्डा आणि तळाशी खेळण्यासारखे दिसणारे डंपर. गुलाबी-करड्या ग्रॅनाइटच्या मधोमध पांढऱ्या गारगोटीचा एक जाड पट्टा चंद्रकोरीसारखा वळत जातो, जवळपास दोन किलोमीटर. तांबं त्या पट्ट्यात आणि त्याच्या दोन्ही अंगांच्या ग्रॅनाइटमध्ये आहे. पितळी पिवळा चॅल्कोपायराइट, म्हणजे तांब्याचं खनिज, उन्हात इतका चमकत होता की आम्ही सगळे तोच गोळा करत सुटलो.

खाणीतले एक वयस्कर भूवैज्ञानिक आमच्यासोबत होते. त्यांनी माझ्या हातातला दगड बाजूला ठेवला आणि ढिगातून दुसरा उचलून दिला. गारगोटीत शिशाच्या रंगाचे पापुद्रे होते, नखानेही ओरखडा उठेल इतके मऊ. “कॉपर तो सब देखते हैं. इसको काग़ज़ पर घिसो,” ते म्हणाले. घासला, आणि वहीवर ती रेघ उमटली.

मला वाटलं ग्रॅफाइट. मध्य भारतात ग्रॅफाइट काही दुर्मीळ नाही, बैतूलकडे तर भरपूर आहे. त्यांनी खिशातून फुटक्या कपाचा तुकडा काढला आणि त्याच्या न चकाकणाऱ्या कडेवर दगड घासून दाखवला. ग्रॅफाइटची रेघ काळी येते, हिच्यात किंचित हिरवट झाक होती. शिवाय हा दगड हातात ग्रॅफाइटच्या मानाने चांगलाच जड लागत होता. मॉलिब्डेनाइट. मॉलिब्डेनम हा धातू आणि गंधक यांचं संयुग. ग्रीकांनी शिशाला ‘मोलिब्डोस’ म्हटलं आणि शिसं, ग्रॅफाइट, मॉलिब्डेनाइट या तिघांची गल्लत पुढे कित्येक शतकं चालली. १७७८ मध्ये शेले या रसायनशास्त्रज्ञाने यात वेगळंच मूलद्रव्य असल्याचं दाखवलं, तेव्हा कुठे ती मिटली.

तो तुकडा त्यांनी मला ठेवून घेऊ दिला. परत येताना जीपमध्ये सर म्हणाले, “सांभाळून ठेव. त्यात घड्याळ आहे.” त्यांच्या म्हणण्याचा पूर्ण अर्थ मला चार वर्षांनी कळला.

ग्रॅनाइटचं वय काढायचं तर झिरकॉन घेतात. वाळूच्या कणाहून लहान, पण अतिशय चिवट खनिज. त्यातल्या युरेनियमचं शिसं होत राहतं आणि त्यावरून मॅग्मा, म्हणजे वितळलेला खडक, केव्हा थिजला ते कळतं. पण तो थिजलेला ग्रॅनाइट म्हणजे धातुक, ज्यातून धातू काढतात तो खडक, नव्हे. धातू गरम पाण्यासोबत भेगांतून येतात, आणि ते पाणी त्याच ग्रॅनाइटचं असू शकतं किंवा शंभर कोटी वर्षांनी दुसऱ्याच कारणाने आलेलंही असू शकतं. म्हणजे ग्रॅनाइटचं वय हे घराचं वय झालं. घरातलं सोनं केव्हा आणलं, ते त्यावरून कळत नाही. पूर्वी यावर उपाय म्हणून धातुकाशेजारचं अभ्रक घेत आणि त्यातल्या पोटॅशियम-आरगॉनवरून वय काढत. अडचण अशी की अभ्रक साधारण तीनशे-चारशे अंश सेल्सियसलाच आरगॉन सोडायला लागतं. नंतर कधी तो प्रदेश पुन्हा तापला, डोंगर उभे राहिले, की ते घड्याळ शून्यावर येतं आणि आपल्याला शेवटच्या तापाची तारीख सांगतं, जन्माची नाही.

मॉलिब्डेनाइट या दोन्ही अडचणींतून सुटतं, याचं श्रेय रेनियमला. हे मूलद्रव्य नोडाक, टाके आणि बर्ग या तिघांनी १९२५ मध्ये शोधलं आणि ऱ्हाइन नदीचं नाव त्याला दिलं. हातात घेण्याइतकं, म्हणजे एक ग्रॅम रेनियम मिळवायला त्यांना ६६० किलो मॉलिब्डेनाइट लागलं होतं. मॉलिब्डेनाइटच का? कारण रेनियमला मॉलिब्डेनमची जागा घ्यायला आवडतं, स्फटिक तयार होताना ते सहज आत शिरतं. ऑस्मियमला मात्र तिथे जवळजवळ मज्जाव असतो. रेनियम-१८७ हा किरणोत्सारी समस्थानिक हळूहळू ऑस्मियम-१८७ मध्ये बदलत जातो. म्हणजे आज मॉलिब्डेनाइटमध्ये जे ऑस्मियम सापडतं ते जवळजवळ सगळं तिथेच जन्मलेलं. बाहेरून काय आलं, आधी किती होतं, हा हिशेब करावाच लागत नाही. जे घड्याळ शून्यापासून सुरू होतं आणि धातुकाच्याच पोटात असतं, त्याची किंमत या कामात पडलेल्याला विचारा.

ते चालतं मात्र फार सावकाश. अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा काळ, सुमारे ४१६० कोटी वर्षं, विश्वाच्या वयाच्या तिप्पट. आईला मी मलाजखंडचाच हिशेब करून दाखवला. २४९ कोटी वर्षांत मूळच्या रेनियम-१८७ च्या शंभर अणूंपैकी जेमतेम चार बदलतात. चारच. पण ते चार मोजता येतात. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या हेंडरसन खाणीचं मॉलिब्डेनाइट जगभरच्या प्रयोगशाळा तपासणीसाठी प्रमाण म्हणून वापरतात. त्याचं वय २ कोटी ७६ लाख ६० हजार वर्षं, अधिक-उणे एक लाख. त्यात दर दहा हजार अणूंमागे चार-पाचच बदललेले आहेत. एका ग्रॅममध्ये रेनियम सुमारे ११ मायक्रोग्रॅम आणि ऑस्मियम-१८७ तीन नॅनोग्रॅमच्या आसपास. ते मोजून एक लाख वर्षांच्या आत वय सांगायचं.

हे कसं करतात ते लिहिते, कारण हे हाताचं काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं. दळलेलं मॉलिब्डेनाइट जाड काचेच्या नळीत घालायचं, त्यात अगदी नेमक्या मापाचं ठरावीक समस्थानिकांचं रेनियम आणि ऑस्मियम टाकायचं, मग सांद्र नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. नळीचं बूड गोठवून ठेवायचं आणि तोंड ज्योतीवर वितळवून बंद करायचं. बंद नळी पोलादी आवरणात घालून २२० ते २४० अंशांच्या भट्टीत रात्रभर किंवा त्याहून जास्त वेळ. आत दाब प्रचंड असतो, म्हणून उघडण्याआधी पुन्हा गोठवायची. ऑस्मियम या आम्लात टेट्रॉक्साइड होतं, ते उडून जाणारं आणि डोळ्यांना घातक. ऑस्मियम हे नावच मुळी ग्रीकमधल्या ‘वास’ या शब्दावरून पडलं आहे. तो वास येत असेल तर आपलं काहीतरी चुकलं आहे. मग ऑस्मियम वेगळं काढायचं, रेनियम वेगळं, दोन्ही बारीक तारेवर चढवून वस्तुमान वर्णपटमापकात मोजायचं. पहिली नळी मी बंद केली तेव्हा माझा हात थरथरत होता. आता होत नाही, पण ज्योत लावताना मी आजही कुणाशी बोलत नाही.

कॅनडात आल्यावर पहिल्याच वर्षी माझ्याकडे एक नमुना आला. अंगठ्याच्या नखाएवढा एकच पापुद्रा, आरशासारखा. मी चिमट्याने त्याचा सगळ्यात स्वच्छ कोपरा काढला, त्याचे दोन भाग केले आणि दोन्ही वेगवेगळे मोजले. वयं जुळेनात. फरक त्रुटीच्या कितीतरी बाहेर. पंधरा दिवस मी आम्लं तपासली, माप तपासलं, यंत्र तपासलं. सगळं ठीक. मग माझ्या मार्गदर्शक बाईंनी शांतपणे विचारलं, “तू नमुना किती मोठा घेतलास?”

चूक तिथे होती. मोठ्या स्फटिकात ऑस्मियम जन्मतं तिथेच बसून राहत नाही. रेनियम एका जागी, त्याचं ऑस्मियम थोडं सरकून दुसरीकडे. कोपरा काढून मोजला तर कधी लेकरं जास्त आणि आईबाप कमी, कधी उलट. वय मनाला येईल ते निघतं. स्फटिक अखंड घ्यावा, सगळा दळावा, नीट मिसळावा आणि मगच त्यातला भाग मोजावा, तर हिशेब जुळतो. म्हणून मॉलिब्डेनाइटवर लेसर रोखून ठिपक्याठिपक्याने वय काढायचं म्हटलं तर मी आजही विरोध करते. झिरकॉनला जे चालतं ते याला चालत नाही. उरलेला पापुद्रा मी पूर्ण दळला, त्यातून दोनदा मोजलं, आणि दोन्ही वयं एकमेकांवर बसली. त्या रात्री मी गोंदियाला फोन केला होता. बाबांना काहीच कळलं नाही, पण “झालं ना बरोबर? मग जेव आता,” म्हणाले.

आता आईचा प्रश्न. वय कळून जागेचं काय कळतं?

मॉलिब्डेनमची मोठी धातुकं ग्रॅनाइटच्या सोबतीने येतात, पण सगळे ग्रॅनाइट एकाच कारणाने जन्मत नाहीत. ब्रिटिश कोलंबियातल्या एंडाकोचं धातुक साधारण साडेचौदा कोटी वर्षांपूर्वीचं. तेव्हा तिथे महासागराचा तळ खंडाखाली जात होता. कोलोरॅडोतली क्लायमॅक्स आणि हेंडरसन ही त्या मानाने अगदी कालची. त्या काळात तिथलं भूकवच ताणलं जायला लागलं होतं आणि ग्रॅनाइट फ्लोरीनने समृद्ध होते. आणि मग चीनमधली छिनलिंग पर्वतरांग, जगातल्या सर्वांत श्रीमंत मॉलिब्डेनम पट्ट्यांपैकी एक. उत्तर चीन आणि यांगत्से ही दोन प्राचीन भूखंडं जिथे एकमेकांवर आदळली तो हा सांधा.

वर्गात मी शिकले होते की छिनलिंगची धातुकं टकरीतून आली. एका वाक्यात पट्टा संपला. पण शानशी प्रांतातल्या दोन ठिकाणांची वयं बघा. ह्वांगलोंगफू, २२ कोटी वर्षांच्या आसपास. चिनत्वेइछंग, १४ कोटींच्या आसपास. एकाच पट्ट्यात, जवळजवळ असलेली, धातू एकच, आणि मध्ये आठ कोटी वर्षं. पहिलं टकरीच्या काळातलं आहे, आणि तिथल्या शिरा ग्रॅनाइटच्या नव्हेत, कार्बोनेटाइटच्या, म्हणजे कार्बोनेट खनिजांनी भरलेल्या अग्निजन्य खडकाच्या आहेत. दुसरं ग्रॅनाइटचं आहे, पण ते झालं तेव्हा टक्कर केव्हाच संपली होती आणि पूर्वेकडून प्रशांत महासागराचा तळ आशियाखाली सरकत होता. पहिल्यात रेनियम भरपूर, दर ग्रॅममागे सुमारे २८० मायक्रोग्रॅम. दुसऱ्यात जेमतेम १७. रेनियम जास्त म्हणजे भूकवचाखालच्या प्रावरणाचा हात जास्त, असा एक ठोकताळा आहे आणि इथे तो पटतो. मी मात्र नुसत्या रेनियमवरून कधी निष्कर्ष काढत नाही, कारण एकाच खाणीतल्या दोन शिरांतही त्याचं प्रमाण बरंच बदलतं.

वयं नसती तर ही दोन्ही एकाच घटनेच्या खात्यावर गेली असती. नकाशावर शेजार दिसला की आपण काळातही शेजार धरून चालतो. ही चूक मी स्वतः केली आहे, आणि ग्रॅनाइट कुठल्या परिस्थितीत जन्मला ते त्याच्या रासायनिक घटकांवरून सांगणाऱ्या आलेखांवर विसंबून तर आणखी सहज केली आहे. ग्रॅनाइट ज्या जुन्या खडकाच्या वितळण्यातून येतो त्याचे गुण तो घेऊनच येतो. आलेखावर तो ‘भूपट्टाच्या कडेचा’ दिसतो तेव्हा ती कड त्याच्या आजीच्या काळातली असू शकते. आधी वय, मग त्या वयाला तिथे काय चाललं होतं ते, आणि त्यानंतर आलेख. माझ्या विद्यार्थ्यांना मी याच क्रमाने करायला लावते.

मलाजखंडकडे परत येते. मध्य भारतातून साधारण पूर्व-पश्चिम एक जुना सांधा जातो. त्याच्या उत्तरेला बुंदेलखंडचं प्राचीन भूखंड, दक्षिणेला बस्तरचं. आमच्या जिल्ह्यातल्या आमगावच्या नावाने ओळखला जाणारा नाइस हा पट्टेदार खडक या दक्षिणेकडच्या तुकड्याचा. मलाजखंड त्याच तुकड्याच्या उत्तर कडेवर. हे दोन तुकडे केव्हा जुळले यावर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद आहे, कारण त्या सांध्यावर नंतरही पुन्हा पुन्हा दाब आला, ताप आला. शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या घडामोडींचे ठसे तर त्याच सांध्यावरच्या सौसर भागात जागोजाग आहेत. जी घड्याळं सहज पुसली जातात ती अशा प्रदेशात फारशी कामाची नाहीत.

२००४ मध्ये कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या हॉली स्टाइन आणि सहकाऱ्यांनी मलाजखंडच्या मॉलिब्डेनाइटचं वय प्रसिद्ध केलं, २४९ कोटी वर्षं, अधिक-उणे ८० लाख. त्याच सुमारास दुसऱ्या एका गटाने तिथल्या ग्रॅनाइटचे झिरकॉन मोजले, ते २४८ कोटींच्या आसपास आले. दोन्हींच्या त्रुटींच्या कक्षा एकमेकींवर येतात. म्हणजे घर आणि सोनं एकाच वेळचं. ग्रॅनाइट आधी झाला आणि तांबं फार नंतर, कुठल्यातरी भेगेतून आलं, ही शक्यता माझ्या मते तिथे संपली.

स्टाइन यांनी यापुढचं पाऊलही टाकलं. ही तांबं-मॉलिब्डेनमची पॉर्फिरी धातुकं आहेत, चिलीतल्या अँडीजसारखी. तशी धातुकं महासागराचा तळ खंडाखाली जातो तिथे होतात. म्हणून २४९ कोटी वर्षांपूर्वी बस्तरच्या उत्तरेला समुद्र होता, त्याचा तळ खाली जात होता, आणि भारताचे हे दोन तुकडे जुळण्याची सुरुवात तेव्हाची. नंतरचे ताप-दाब म्हणजे जुन्या शिवणीवरच पडलेला ताण. सगळ्यांना हे पटलेलं नाही. पॉर्फिरीत बारीक शिरांचं जाळं सगळीकडे पसरलेलं असतं, इथे मात्र गारगोटीचा एकच भला मोठा पट्टा मुख्य आहे, असा आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. मी तो पट्टा डोळ्यांनी पाहिला आहे. वय मला पूर्ण मान्य आहे. समुद्राबद्दल मी अजून ‘बहुधा’ म्हणते, आणि त्या ‘बहुधा’चं उत्तर यंत्रात नाही, खाणीच्या भिंतीवर आहे. कुठली शीर कुठल्या शिरेला कापते, मॉलिब्डेनाइट गारगोटीच्या मोठ्या पट्ट्याआधीचं की नंतरचं, की दोन्ही वेळचं, हे तिथेच दिसेल.

आईने मग विचारलं, “तुझ्याकडे तो तुकडा आहे ना? मग त्याचं वय का नाही काढलंस?”

तो तुकडा माझ्या टेबलाच्या वरच्या खणात आहे, कापसात गुंडाळलेला. तो दळायला मला दोन दिवस लागतील, वय महिनाभरात हातात येईल. पण तो मला ढिगातून मिळाला आहे. कुठल्या पायरीवरचा, कुठल्या शिरेतला, पट्ट्याच्या वरचा की खालचा, काही माहीत नाही. वय निघालं तरी ते कशाचं, हे मला सांगता येणार नाही, आणि एकदा दळला की तुकडाही जाईल.

उघड्या खड्ड्याखाली आता भुयारी खाण उतरते आहे, म्हणजे आजवर कुणी न पाहिलेल्या ताज्या भिंती. परवानगीचा अर्ज केला आहे. मिळाली तर येत्या डिसेंबरात गोंदियाला उतरून पुढे जाईन. नमुने या वेळी भिंतीतून माझ्या हाताने काढायचे, प्रत्येकाचा फोटो आणि शिरांचा आडवा-उभा क्रम वहीत. वही तीच नेणार आहे, मागे बरीच पानं कोरी आहेत. आईला सांगितलंय, रद्दीवाल्याला देऊ नकोस.